अमावस्येचा कॅमेरा

साखरखेर्ड्यात बसस्टँडकडून बाजाराकडं निघालं की डाव्या हाताला दीपकचा फोटो स्टुडिओ लागतो. पाटीवर नाव दीपकचं आहे, पण पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, अल्बमची जुळवाजुळव हे सगळं त्याची बायको जयमाला बघते. दीपक लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दोघांत चांगला कॅमेरा एकच. लग्नसराईत तो रोज दीपकच्या गळ्यात असतो. फक्त अमावस्येला घरी असतो, कारण त्या दिवशी मुहूर्त नसतो.

म्हणून जयमालानं अमावस्या धरली.

तीन वर्षांपूर्वी शेतीची लाईट रात्रपाळीत होती, तेव्हा ती दीपकबरोबर मळ्यात गव्हाला पाणी द्यायला गेली होती. दीपक मोटर सुरू करेपर्यंत ती बांधावर उभी राहून दक्षिणेकडं पाहत होती. तिथं आभाळात धुरासारखा एक पट्टा होता. लहानपणापासून पाहिलेला, पण त्या दिवशी तिच्याजवळ कॅमेरा होता. फोटोत नुसते ठिपके आले. ते तिला खटकलं. मग मोबाइलवर बघून बघून ती शिकली. नाशिकच्या एका माणसाकडून तिनं जुना ट्रॅकर मागवला. आभाळ सरकतं तसा कॅमेऱ्याला हळूहळू फिरवणारी ती लहानशी पेटी. ती ध्रुवताऱ्याच्या रेषेत लावली की एक एक मिनिटाचा फोटोही हलत नाही.

या वर्षी तिनं मोठं काम अंगावर घेतलं. आभाळातल्या विंचवाच्या, म्हणजे वृश्चिक राशीच्या डोक्यापासून पुढं धनु राशीपर्यंत आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग एका फोटोत आणायचा, तोही बारा तुकड्यांत. दीपकनं विचारलं होतं, "वाइड लेन्स लाव ना. एका फोटोत येते सगळं."

"मेहकरच्या लग्नात तुम्ही दीडशे माणसं एका फोटोत घेतली होती. नवरदेवाच्या मामाले स्वतःचं तोंड सापडलं नाही. आठवते?"

"हो."

"मग. चेहरे पाहिजे असतील तर थोडे थोडे घ्या लागतात. अन मग जोडा लागतात."

नवरीचे क्लोजअप काढायची जी लेन्स होती, तीच तिनं यासाठी धरली. हात लांब केला तर दीड मूठ रुंद आणि एक मूठ उंच, एवढंच आभाळ त्या लेन्समध्ये मावायचं. ग्राफ पेपरवर तिनं तीन उभ्या रांगा आखल्या, प्रत्येकीत चार चौकटी. प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटीवर पाव हिस्सा चढली पाहिजे, नाहीतर सांधा दिसतो. प्रत्येक चौकटीचे एक एक मिनिटाचे चाळीस फोटो, ते एकावर एक बसवले की खरखर जाते. उजवीकडची रांग लवकर उगवते, म्हणून ती माघ अमावस्येला, पहाटेच्या आधी. मधली फाल्गुनात. डावी चैत्रात. वैशाखाचा भरवसा नाही, ढग येतात. तेव्हा तीन अमावस्या, बारा चौकटी, आणि चैत्रापर्यंत काही राहिलं तर एक वर्ष थांबायचं.

माघातल्या चार चौकटी तिनं काढल्या. दीपक विहिरीजवळच्या खाटेवर झोपायला होता. कागदावरच्या चार घरांत तिनं निळी शाई भरली.

पंधराएक दिवसांनी माणिकराव स्टुडिओत आले. गावातले मोठे शेतकरी, बोलायला मऊ. त्यांच्या मुलीचं, प्रेरणाचं लग्न अक्षय्य तृतीयेला होतं आणि ऑर्डर दीपककडं होती. खुर्चीत बसून त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "दीपक, एक विचारायचं होतं. तुझा कॅमेरा अमावस्येले मळ्यात जाते म्हणतात."

दीपक हसला. "जाते कधीमधी."

"माझ्या मनात काही नाही. पण घरात बायामाणसं आहेत, तिकडून व्याही येतील. पोरीच्या हळदीत तोच कॅमेरा फिरला तर उद्या कोणी काही बोललं, मी कोणाकोणाचं तोंड धरू? तू दुसरा आण."

"आणतो ना काका. हा तसाही विकायचाच आहे."

जयमाला आत कॉम्प्युटरवर एका पोराच्या फोटोमागचा निळा रंग सारखा करत होती. माणिकराव जाईपर्यंत ती उठली नाही. ते गेल्यावर बाहेर आली.

"विकायचा आहे?"

"म्हणायले काय जाते? खामगावहून मित्राचा आणतो चार दिवस."

"अन पुढच्या लग्नाले? त्याच्या पुढच्या?"

"जयमाला, गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाद घालते का कोणी? लोकाले माहीत नाही तू तिथं काय करते. काहीबाही बोलतात."

"माहीत नाही ना? मग सांगू."

दीपकला वाटलं, रागात बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर काचेच्या शोकेसमधला नवरीचा मोठा फोटो खाली उतरवलेला होता. त्याच्या जागी पांढरा ड्रॉइंग पेपर. वर बारा घरांची चौकट, चार निळी, आठ कोरी. खाली जयमालाचं गोल अक्षर:

"आमच्या मळ्यात नाल्यापलीकडच्या विहिरीजवळ अमावस्येला आकाशाचे फोटो काढण्याचे काम सुरू आहे. फाल्गुन अमावस्या, २९ मार्चची रात्र, दोन ते पाच, चौकट ५ ते ८. चैत्र अमावस्या, २७ एप्रिलची रात्र, साडेबारापासून पहाटेपर्यंत, चौकट ९ ते १२. कोणाला पाहायचे असल्यास यावे. येताना बॅटरी लावू नये. हाच कॅमेरा लग्नाला वापरला जातो. जयमाला."

दीपकनं ते दोनदा वाचलं. काढलं नाही, पण दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी माणिकराव परत आले. या वेळी बसले नाहीत. शोकेससमोर उभे राहून त्यांनी सगळं वाचलं आणि दारातून विचारलं, "हे काय लावलं पोरी?"

"कामाचा कागद आहे, काका."

"दीपक तर म्हणे कॅमेरा विकायचा आहे."

दीपक दुकानातच होता. जयमालानं त्याच्याकडं पाहिलं नाही. "नाही विकायचा. तुम्हाले बरं वाटावं म्हणून ते तसं बोलले."

"अमावस्येले रात्री दोन वाजता बाईमाणूस मळ्यात. चांगलं दिसते का ते?"

"चंद्र असला की आभाळ पांढरं पडते, काका. तारे फिके येतात. म्हणून अमावस्या. पौर्णिमेले चांगले फोटो आले असते तर पौर्णिमेले गेली असती."

"मी फोटोचं नाही विचारून राह्यलो."

"मी फोटोचंच करून राह्यली."

रस्त्यावर दोघं-तिघं थांबले होते. माणिकरावांचा आवाज चढला नाही. "कागद काढून टाक. मी चांगल्यासाठी सांगतो. लोक लग्नाले तुम्हाले बोलावणार नाहीत."

"ज्याले नाही बोलवायचं त्यानं नका बोलावू. पण कागद राहील."

"मग प्रेरणाचं आम्ही दुसरीकडं पाहतो."

"पाहा," जयमाला म्हणाली.

ते गेल्यावर ती कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. दीपक म्हणाला, "झालं समाधान?" ती म्हणाली, "नाही झालं. तुम्ही एक शब्द बोलले असते तर झालं असतं." तो उठून चहा प्यायला गेला आणि दीड तासानं आला.

त्या महिन्यात आणखी दोन ऑर्डरी गेल्या. एकानं कारण सांगितलं नाही. दुसऱ्यानं फोनवर स्पष्टच विचारलं, कॅमेरा तोच आहे का, आणि दीपकनं उत्तर द्यायच्या आत फोन ठेवला.

फाल्गुन अमावस्येला दीपक मळ्यात आला नाही. सकाळी पाडवा, मलकापुरात एका दुकानाचं उद्घाटन होतं, त्याला कॅमेरा साडेसहाला हातात पाहिजे होता. तेवढं सांगून तो झोपला. जयमाला एकटी स्कूटीवर गेली. हरभरा निघालेला होता, जमीन कडक होती, ट्रायपॉड पक्का बसला. पाचवी चौकट झाली, सहावी झाली. सातव्या चौकटीचे दहाएक फोटो झाले असतील, तेवढ्यात नाल्याकडून दोन मोटारसायकली आल्या आणि थेट तिच्यावर हेडलाइट टाकून थांबल्या.

तिनं डोळ्यांवर हात धरला. "लाइट बंद करा."

पुढच्या गाडीवर माणिकरावांचा पुतण्या गोपाल होता. "वहिनी, काय करून राह्यली एवढ्या रात्री?"

"शोकेसमध्ये लिहिलं आहे. वाचून आले ना? मग हेही वाचलं असेल, की बॅटरी लावू नये. लाइट बंद कर, गोपाल."

"पाहू तर दे."

"बंद केल्यावर दाखवते."

कोणीतरी मागं हसलं. पण ती जागची हलली नाही, आणि आवाजही वाढवला नाही, आणि शेवटी गोपालनं चावी फिरवली. मग सगळं काळं झालं. चौघं अंदाजानं चालत आले. तिच्या कपाळावर लाल उजेडाचा छोटा दिवा होता, त्यात तिनं त्यांना कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. त्यावर तांबूस तारे आणि मध्ये काळे डाग होते.

"हे डाग कशाचे?" एकानं विचारलं.

"धूळ आहे. ताऱ्यांच्या मधात."

बघून झाल्यावर ते गेले. जाताना नाल्याच्या पलीकडं जाऊन गाड्या सुरू केल्या. पण सातव्या चौकटीच्या फोटोंवर पांढरा पडदा पडला होता, अर्धा तास गेला होता आणि पूर्वेकडून पहाट लागायला फार वेळ नव्हता. सात पुन्हा घेतली तर आठ जात होती. तिनं आठ घेतली.

कागदावर तिनं पाच, सहा आणि आठ भरली. सातचं घर कोरं ठेवलं. मधल्या रांगेत एकच घर पांढरं, बाजारात जाणाऱ्या सगळ्यांना दिसावं असं. गावात मात्र निराळंच पसरलं, की तिच्या कपाळावर लाल दिवा होता. तेही खरंच होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला समता आली. तिचे वडील इथलेच, ती मलकापूरला दवाखान्यात नर्स होती. शोकेसपुढं बराच वेळ उभी राहिली आणि मग आत येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या कागदावर सत्तावीस एप्रिल लिहिलं आहे. दिवसा मोकळा आहे का कॅमेरा?"

"दिवसा मोकळा आहे. काऊन?"

"माझं लग्न आहे."

दीपकनं मान वर केली. "अमावस्येले?"

"रविवार आहे," समता म्हणाली. "प्रसेनजित रेल्वेत आहे, त्याले सुटी मिळून राह्यली. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. अन खरं सांगू का, हॉल रिकामा, मंडपवाला रिकामा, स्वयंपाकी रिकामा. सगळे म्हणतात, ताई, पाहिजे तेवढा वेळ घ्या." ती हसली. "दुपारी बारा वाजता लग्न. संध्याकाळी सातले तुम्ही मोकळे."

जयमालानं मनात हिशेब केला. त्या रात्री डाव्या रांगेच्या चार चौकटी, आणि राहिलेली सात. पाच चौकटी म्हणजे चार तास. साडेबाराला सुरू केलं तर साडेचारला, पहाट फुटायच्या काठावर संपत होतं. दुसऱ्या रात्री करता येत नव्हतं. अठ्ठावीसला खामगावला हळदीची ऑर्डर होती, राहिलेल्या थोड्यांतली एक, आणि कॅमेरा तिकडं जाणार होता.

"करू," ती म्हणाली.

सत्तावीसला बारा वाजता लग्न लागलं नाही. वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली. तीन वाजता माणसं आली, घामाघूम, उपाशी, आणि तरी आनंदात. बुद्धवंदना झाली, हार घातले. समता पांढऱ्या साडीत होती आणि प्रसेनजित तिच्याकडं बघून सारखा हसत होता, त्यामुळं दीपकला त्याचा एक गंभीर फोटो मिळेना. जेवणाच्या पंगती रात्री साडेनऊपर्यंत चालल्या. मग नातेवाइकांचे ग्रुप सुरू झाले. जयमाला भिंतीजवळ उभी राहून लग्नपत्रिकेच्या पाठीवर वेळा लिहीत होती. सात आधी घ्यायची, कारण ती पश्चिमेकडं आधी कलते. मग नऊ, दहा, अकरा. बारा सगळ्यात खाली, शेवटी.

स्पीकर लावणारा गोकुळ वायर गुंडाळत तिथं आला. दीपकला म्हणाला, "काय दीपकभाऊ, अमावस्येचा कॅमेरा शेवटी अमावस्येच्याच लग्नाले कामी आला."

दोघं-तिघं हसले. जयमालानं पेन थांबवलं.

दीपक लेन्स पुसत होता. पुसून झाली, त्यानं ती लावली. "हो," तो म्हणाला. "दोन्हीकडं चांगला चालते. तुझ्या पोराच्या लग्नाले सांग, अमावस्येलेच धरू." मग समताच्या मामांकडं वळून म्हणाला, "मामा, तुम्ही जरा पुढं या, मागं चेहरा दिसत नाही."

पाठवणी साडेबाराला झाली. समता गाडीत बसता बसता जयमालाला म्हणाली, "उशीर झाला ना ताई? जा तुम्ही, आमचं झालं." जयमालानं ट्रायपॉडची पिशवी स्कूटीकडं नेली तर दीपकनं ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या गाडीला बांधली.

"बस," तो म्हणाला.

"सकाळी खामगावले जायचं आहे तुम्हाले."

"जाईन. बस."

मळ्यात पोचून ध्रुवताऱ्यावर पेटी लावेपर्यंत एक वाजून गेला होता. दीपकनं तिच्या ग्राफ पेपरवर लाल दिवा धरला. तीन वर्षांत त्यानं तिचा कुठलाही कागद असा जवळून पाहिला नव्हता. "पहिली कोणती?"

"सात."

त्याला कारण माहीत होतं. तो वेळ सांगत राहिला, ती चौकट बदलत राहिली. दर वेळी ती आधी एक फोटो काढायची, मागच्या चौकटीचे काठावरचे तारे नव्या चौकटीत आले का हे बघायची, आणि मग पुढचे चाळीस. दीपक पहिल्यांदा नुसता बघत होता. अकराव्या चौकटीला त्यानंच पडद्यावर बोट ठेवलं. "हे तीन तारे मागच्यात होते. बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

बाराव्या चौकटीचे चौदा फोटो झाले आणि पूर्वेकडचं आभाळ राखाडी व्हायला लागलं. पंधरावा फोटो फिका आला, सोळावा त्याहून फिका. जयमालानं बटणावरून बोट काढलं.

"चौदात भागते का?" दीपकनं विचारलं.

"भागणार नाही. पण आहे ते आहे."

दोघं घरी आले, दीपकनं आंघोळ केली आणि कॅमेरा घेऊन खामगावची बस धरली. बसमध्ये झोपून त्याचा थांबा चुकला, हे त्यानं नंतर सांगितलं.

जोडायला तिला नऊ दिवस लागले. दुकानाचा कॉम्प्युटर तापायचा, मध्येच बंद पडायचा. बाकी सांधे बसले. डावीकडचा खालचा कोपरा मात्र खरखरीत राहिला, भरड दळल्यासारखा. नाशिकच्या त्या माणसाला तिनं फोटो पाठवला. त्यानं लिहिलं, फार सुंदर, फक्त तो कोपरा कापून टाका, कोणाला कळणार नाही. तिनं लिहिलं, मला कळेल. आणि कोपरा तसाच ठेवला.

चार फूट रुंद प्रिंट अकोल्याहून आली तेव्हा शोकेस त्याला पुरेना. दीपकनं मधली काचेची फळी काढली. लोक थांबून बघू लागले. शाळेतली पोरं विंचवाचा आकडा बोटानं दाखवायची. काही बाया अजूनही त्या बाजूनं जाताना पदर सावरून पलीकडच्या कडेनं जात होत्या. प्रेरणाचं लग्न दुसऱ्याच फोटोग्राफरनं केलं. माणिकराव दुकानावरून जायचे ते समोर बघत जायचे. एकदा गोपाल आला आणि म्हणाला, "आम्ही आलो होतो त्या रात्रीचा भाग कोणता?"

"तो फेकला. नंतर दुसरा काढला," जयमाला म्हणाली. त्यानं मान हलवली आणि मोबाइलच्या काचेवर लावायचं कव्हर आहे का विचारलं. ते नव्हतं.

जूनमध्ये एक अनोळखी माणूस आला. मार्गशीर्षातल्या लग्नासाठी फोटोवाले बघत फिरत होता. अल्बम चाळले, पसंत पडले, आणि मग जरा घुटमळून म्हणाला, "एक ऐकलं होतं. तुमचा कॅमेरा..."

दीपकनं कपाटातून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. "हाच. अमावस्येले माझी बायको नेते. शोकेसमधला फोटो तिनंच काढला, याच लेन्सनं. लग्नालेही हाच असतो. चालत असेल तर तारीख सांगा."

माणसानं कॅमेऱ्याकडं पाहिलं, शोकेसकडं पाहिलं. घरी विचारून फोन करतो म्हणाला आणि गेला. फोन आला नाही.

आत जयमाला जमिनीवर नवा ड्रॉइंग पेपर पसरून बसली होती. हिवाळ्यातल्या मृग नक्षत्राच्या वीस चौकटी होत्या, आणि पट्टी लांबीला पुरत नव्हती.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"लग्नवाले. गेले."

"बरं. जरा पट्टीचं ते टोक धरा."

दीपक खाली बसला आणि त्यानं टोक धरलं.